पाइप किती इंची?

सोलापूर जिल्ह्यात जेऊर एकच नाही. अक्कलकोट तालुक्यातलं जेऊर वेगळं आणि आमचं करमाळा तालुक्यातलं, दौंड-सोलापूर रेल्वेमार्गावरचं, स्टेशनवालं जेऊर वेगळं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्याचं श्रेय किंवा बदनामी चुकीच्या जेऊरला जायला नको.

आमच्या जेऊरात ‘पाइप’ या शब्दाला अर्थ एकच. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमेचं पाणी केत्तूर, वाशिंबे, चिखलठाणाच्या शिवारात फुगत आलं. पाण्याने जमिनी घेतल्या. मग उरलेल्या जमिनींवर लोकांनी तेच पाणी पाइपाने ओढून आणलं. ऊस आला, केळी आली आणि माणसाची ऐपत पाइपावर मोजायची रीत आली. पूर्वी मुलगी देताना एकर विचारायचे. आता एकर सांगून झाले की हळूच विचारतात, “लाइन बॅकवॉटरपातूर हाय नव्हं?”

अशा गावात माझ्या भाच्याचा इटलीहून फोन आला. कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी तिकडे धाडलं होतं. मी खताच्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसलेलो, आणि हल्ली कानाला जरा कमी ऐकू येत असल्यामुळे फोन स्पीकरवर. भाचा म्हणाला, “मामा, तुमच्यासाठी पाइप घेतलाय. हातानं बनवलेला आहे. एकदम वेगळ्या आकाराचा.”

बाकडं सावरून बसलं.

“किती इंची?” पहिला प्रश्न आला.

“चार केजी का सहा केजी?” हा दुसरा.

“एकच घेतला? एका पाइपानं काय व्हतंय मास्तर? त्येला म्हणावं, दोन एल्बो आन् एक टी तरी आन.”

“हातानं बनवलाय म्हंजे? इटलीत मशिनी न्हाईत व्हय?”

मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. इटलीचा नकाशा बुटासारखा असतो, हे या गावातल्या दोन पिढ्यांना मीच सांगितलं. पण इटलीहून येणारा पाइप तोंडात धरून ओढायचा असतो, हे सांगायला जीभ रेटेना. मास्तरने तंबाखूवर निबंध तपासायचे असतात, तंबाखू ओढायची नसते. मी गप्प बसलो. गप्प बसण्याचा परिणाम असा झाला, की आठ दिवसांत ‘मास्तर इटलीचं ठिबक बसवतेत’ ही बातमी करमाळ्यापर्यंत पोचली आणि एका दुकानदाराने मला अनुदानाचा फॉर्म घरी आणून दिला.

चूक भाच्याची नव्हती. तो लहान असताना मी कधीतरी त्याला म्हणालो होतो, की जुन्या सिनेमात नायिकेचा बाप रेशमी गाऊन घालून, पाइप ओढत जिना उतरतो, तसं एकदा उतरायची माझी इच्छा आहे. आमच्या घराला जिना नाही. लोखंडी शिडी आहे, तीही शेजाऱ्याकडे असते. गाऊनचा प्रश्नच नव्हता. राहता राहिला पाइप. तेवढा पोराने लक्षात ठेवला.

भाचा पॅसेंजरमधून उतरला तेव्हा त्याला घ्यायला मी एकटा गेलो नव्हतो. दोघेजण पाइप उतरवून घ्यायला आले होते, एकाने छोटा हत्तीही आणला होता. भाच्याने पाठीवरच्या बॅगेतून एक खोकं काढलं, खोक्यातून मऊ कापडाची पिशवी काढली आणि पिशवीतून ती वस्तू. छोटा हत्ती रिकामाच परत गेला. त्याचं भाडं मी दिलं.

घरी ओट्यावर पंचनामा सुरू झाला. वस्तू हातभरसुद्धा नव्हती. एका टोकाला तपकिरी लाकडाची वाटी, वाटीच्या काठावर झाडाची खडबडीत साल मुद्दाम तशीच ठेवलेली, आणि दुसऱ्या टोकाला काळी, खाली वाकून परत वर आलेली दांडी.

“वांगं हाय,” एकजण म्हणाला. “भरताचं.”

“वांगं कुटलं? कवठ हाय अर्धं फोडल्यालं.”

आमच्या सौ. स्वयंपाकघरातून येऊन एकदा बघून गेल्या. “डाळीचा डाव वाकडा झालाय नुसता,” एवढंच म्हणाल्या.

सगळ्यांत नेमकं बोलला तो शेजारचा पाचवीतला पोरगा. “हे तर रोहिताचं त्वांड हाय.” आणि खरंच होतं. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात, त्यांची चोच मध्येच अशीच खाली मोडलेली असते. चोच वाकडी, कारण हा पक्षी डोकं उलटं करून चिखलाच्या पाण्यातून आपलं खाणं गाळून घेतो. परदेशी पाहुणा, वाकडं तोंड आणि गाळण्याचं काम. पोराने इटलीचा अख्खा कारखाना एका उपमेत बसवला.

“गाळायचं कसं म्हणता?” मी बाकड्यावरच्या मंडळींना आता सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. “यात फिल्टर बसतो.”

‘फिल्टर’ शब्दाने वातावरण निवळलं. ठिबकवाल्या माणसाला फिल्टर म्हटलं की ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटतं. मिलानमध्ये १८७६ साली दुकान काढणारे साविनेल्ली, त्यांच्या पाइपांत बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची सहा मिलिमीटरची काडी बसते. ती धुरातला ओलावा शोषून घेते. “म्हंजी सँड फिल्टरच की,” असा ठराव झाला. दांडी वाकडी असलेल्या पाइपाला तिकडे ‘बेंट’ म्हणतात हे सांगितल्यावर तर प्रश्नच मिटला. “आपल्यातबी बेंडच म्हणत्यात.”

इथून पुढे मी मास्तर झालो. हातात वस्तू आणि समोर बसलेली माणसं असली की मला थांबता येत नाही.

हे लाकूड म्हणजे झाडाचं खोड नव्हे आणि मूळही नव्हे. भूमध्य समुद्राच्या काठच्या डोंगरांवर एक झुडूप उगवतं, वनस्पतिशास्त्रात त्याला एरिका आर्बोरिया म्हणतात. खोड आणि मूळ यांच्या मध्ये, जमिनीतच त्याची एक गाठ वाढत असते. वणवा आला की वरचं झाड जळून जातं, पण गाठ जगते आणि तिच्यातून पुन्हा फुटवे येतात. आगीतून वाचण्यासाठी जन्मलेली ही गाठ माणसाने उकरली आणि तिच्यातच रोज आग पेटवायची ठरवली. उपकाराची फेड करण्याची माणसाची पद्धत सगळ्या खंडांत सारखीच आहे.

इटलीत हे लाकूड कॅलाब्रियातून येतं, तोस्कानातून येतं, लिगुरियातून येतं. “कॅलाब्रिया म्हणजे बुटाचं टोक,” मी म्हणालो आणि मागच्या बाकावरून बसल्या जागी तीन माजी विद्यार्थ्यांनी “व्हय सर” म्हटलं. गाठ चांगली पोसायला तीस-चाळीस वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. उकरल्यावर तिला वाळू देत नाहीत, ओलीच ठेवतात, नाहीतर ती तडकते. मग करवतीने ठोकळे कापायचे आणि मोठ्या कढईत बारा-बारा तास उकळायचे, म्हणजे आतला कडू रस निघून जातो. आमच्याकडे हळद शिजवतात तसंच, फक्त हळद आठ-पंधरा दिवसांत वाळते आणि हे ठोकळे महिनोन् महिने, काही तर वर्षानुवर्षं सावलीत पडून असतात.

“तवर त्यो कारागीर खातो काय?” हा प्रश्न आला. अर्थशास्त्रातला एवढा मूलभूत प्रश्न मला पस्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

पाइपाच्या आकारांची नावं मी भाच्याने दिलेल्या पुस्तिकेतून वाचून दाखवली. सफरचंद, टोमॅटो, अंडं, भांडं. इथपर्यंत मंडई. मग बुलडॉग, मग ज्वालामुखी, मग शिंग, मग फुगलेला मासा. एकाचं नाव ‘प्रिन्स’, एकाचं ‘ऑथर’ म्हणजे लेखक. लेखक आकाराचा पाइप बसका, जाडजूड आणि वाकलेला असतो. नाव देणाऱ्याने लेखक जवळून पाहिले असावेत. एक आहे ‘पोकर’, त्याचा तळ सपाट, टेबलावर ठेवला तर उभा राहतो. एक आहे ‘चर्चवॉर्डन’, त्याची दांडी एवढी लांब की ओढणारा एका खोलीत आणि विस्तव दुसऱ्या खोलीत. ‘ऊम पॉल’ हे नाव दक्षिण आफ्रिकेच्या पॉल क्रूगरवरून पडलं. हा पाइप इतका वाकडा की तो हनुवटीवरून गळ्यात उतरतो.

आणि एक कॅलबॅश. शेरलॉक होम्सच्या तोंडात चित्रात दिसतो तो. मूळ गोष्टींत होम्स तो पाइप कुठेच ओढत नाही. नाटक-सिनेमावाल्यांनी तो त्याच्या तोंडात दिला. पण खरी गंमत वेगळीच आहे. कॅलबॅश हे लाकूडच नव्हे, ते फळ आहे, आणि ते फळ म्हणजे आपला दुधी भोपळा. वाढत असतानाच त्याची मान वाकवतात आणि वाळल्यावर पाइप करतात. जगातला सगळ्यांत हुशार गुप्तहेर, चित्रात का होईना, दुधी ओढत होता, हे ऐकून स्वयंपाकघरातून आवाज आला, “आणि ह्यांना भाजी केली तर चालत नाही.”

पुस्तिकेत इटालियन मंडळींची ओळख होती. कार्लो स्कॉत्तींनी १९४७ साली कान्तू गावात ‘कास्तेल्लो’ सुरू केलं. कान्तू हे सुतारांचं, फर्निचरचं गाव. पुढे कारखाना त्यांच्या जावयाने सांभाळला आणि त्याचं नाव राखलं. जावयाचं हे वर्तन ऐकून ओट्यावर क्षणभर शांतता पसरली. ‘कामिनेत्तो’वाल्यांची खूण म्हणजे दांडीवर कोरलेली मिशी. “मिशी आपल्याकडंबी असती, पर ती पाइपावर न्हाई,” एक आजोबा म्हणाले आणि स्वतःची कुरवाळली. पेझारो गावात जानकार्लो ग्विदी यांनी १९८२ साली ‘सेर जाकोपो’ काढलं. यांनी तर नामवंत चित्रकारांच्या चित्रांत दिसणारे पाइप बघून तसेच खरे पाइप घडवले.

त्या चित्रकारांत एक बेल्जियमचा, रने माग्रित. त्याने १९२९ साली एक झकास पाइप रंगवला आणि खाली लिहून ठेवलं, की हा पाइप नाही. जगातले पंडित गेली नव्वदच्या वर वर्षं त्या ओळीचा अर्थ लावतायत. प्रबंध झाले, पुस्तकं झाली. मी ते चित्र मोबाइलवर ओट्याला दाखवलं आणि खालच्या ओळीचा अर्थ सांगितला.

“बराबर लिवलंय,” छोटा हत्तीवाला म्हणाला. “ह्यो पाइप न्हाईच.”

या सगळ्यात एक माणूस अजून बोलला नव्हता. आमचे सुतार. त्यांनी वस्तू हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि अंगठ्याने रेषा चाचपल्या. एका अंगाला रेषा ज्योतीसारख्या वर चढत गेलेल्या, दुसऱ्या अंगाला पाखराच्या डोळ्यांसारखे बारीक गोल ठिपके. मग वाकड्या बाजूवर बोट ठेवून म्हणाले, “हितं लाकडात खोट हुती.”

भाचा चमकला. कारागिराने त्याला हेच सांगितलं होतं. या गाठी वाढताना आजूबाजूचे खडे, वाळू पोटात घेतात. कारागीर सरळ आकार मनात धरून बसतो, लाकूड कापत जातो आणि मध्येच खड्डा लागतो. वर्षानुवर्षं वाळवलेला ठोकळा फेकवत नाही. मग तो आकार बदलतो. खड्डा जिथे आहे तेवढं काढून टाकतो आणि उरलेल्या रेषा जिकडे जातात तिकडे आपणही जातो. खोट बारीक असेल तर वरून सगळीकडे खरवडून खडबडीत करतो, आणि त्या खडबडीतपणालाही झोकदार नाव देतो. ‘कास्तेल्लो’चं ते नाव ‘सी रॉक’, म्हणजे समुद्रातला खडक. म्हणजे ज्याला आपण कलाकाराची लहर समजतो, ती पुष्कळदा लाकडाची अडचण असते.

“आपल्याकडं बाभळीचा नांगर असाच व्हायचा,” सुतार म्हणाले. “वाकडं लाकूड शोधून आनायचं. सरळ लाकडाला वाकडं केलं तर मोडतं. वाकड्याला त्येच्या मनापरमानं वागू दिलं तर दोन पिढ्या टिकतं.” मी हे वाक्य शिक्षणखात्याला कळवण्याचा विचार करतो आहे.

पाइपाचं आमच्या भागाशी नातं नाही असं कोणी समजू नये. सोलापूरपासून शंभर किलोमीटरवर विजापूर. अकबराने आपला वकील असद बेग याला आदिलशाहीत पाठवलं होतं. १६०४च्या सुमारास परतताना त्याने विजापुरात मिळालेली तंबाखू बरोबर नेली आणि बादशहासाठी एक पाइप तयार करवला. नळी तीन हात लांब, दोन्ही टोकांना जडाव आणि मीनाकारी, तोंडाशी येमेनचा अकीक, विस्तवाला सोन्याचं भांडं. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकीम घाबरले, आणि दरबारात तंबाखूवरचा पहिला वाद झाला. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली. तंबाखूबंदी कितपत यशस्वी झाली, हे पाहायला आमच्या स्टेशनबाहेरचे लाल कोपरे पुरेसे आहेत.

आमच्याकडे तंबाखू खाण्याची शेकडो वर्षांची साधना आहे. चंची उघडायची, चिमूट तळहातावर घ्यायची, चुना लावायचा, अंगठ्याने मळायची, टाळी देऊन भुकटी उडवायची, दाढेत सोडायची. एक मिनिट. हात रिकामे, तोंड बंद, काम चालू. पाइपाचं तसं नाही. भरायचाच मुळी तीन थरांत. पहिला थर लहान मुलाच्या हाताने भरल्यासारखा सैल, दुसरा बाईच्या हाताने, तिसरा पुरुषाच्या हाताने घट्ट, अशी तिकडची म्हण आहे. म्हणजे एक पाइप भरायला अख्खं कुटुंब लागतं.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००८च्या २ ऑक्टोबरपासून बंदी आहे, म्हणून प्रयोग परड्यात झाला. भाच्याने तंबाखूचा एक छोटा डबा आणला होता. मार्गदर्शनाला भजनातले आबा आले, त्यांनी चिलीम चाळीस वर्षं ओढून दहा वर्षांपूर्वी सोडली होती. त्यांनी पाइप उलटापालटा करून पाहिला. “खडा कुठंय?” चिलमीच्या तळाशी तंबाखू अडवायला खडा लागतो. पाइपात नसतो. “छापी कुठंय?” चिलमीच्या तोंडाला ओलं फडकं लागतं. तेही नाही. “मंग ही दुसऱ्याला द्यायची कशी?”

द्यायचीच नसते, असं भाचा म्हणाला. पाइप एकट्याचा असतो. ज्याचा त्याने ओढायचा.

आबांनी तो माझ्या हातात परत ठेवला. “चिलीम दहा जनांत फिरती. ही आडवी पडलेली चिलीम हाय, कुनाकडं जायला तयार न्हाई. वंगाळ न्हाई, पर एकलकोंडी हाय.”

मी पेटवला. विझला. पुन्हा पेटवला. एका काडेपेटीतल्या निम्म्या काड्या गेल्यावर थोडा धूर आला आणि मला खोकल्याची अशी उबळ आली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. जिन्यावरून उतरायचं स्वप्न तिथेच संपलं. डॉक्टरांना दाखवायची वेळ आली नाही, कारण त्याआधी सौंनी मला पाहिलं होतं, आणि त्या पुरेशा आहेत.

रात्री खोक्याच्या तळाशी किमतीची चिठ्ठी सापडली. भाचा काढायला विसरला होता. सौंनी मोबाइलवर युरोचे रुपये केले आणि रुपयांचे पाइप केले. “तीन इंची, सहा केजीच्या वीस नळ्या आल्या असत्या. विहिरीपासून केळीपर्यंत लाइन गेली असती.” त्यानंतर आमच्या घरात कुठल्याही खर्चाचं मोजमाप इटालियन पाइपात होतं. नातीच्या बारशाला दीड पाइप लागला.

मला मात्र झोप येईना. सोलापूर शहरात हजारो बाया विड्या वळतात. त्या पानाचं झाड टेंभुर्णीचं, आणि शेजारच्या माढा तालुक्यातल्या गावाचं नावही टेंभुर्णी. कात्रीने पान कापायचं, चिमूटभर जर्दा, वळण, दोरा, टोक दुमडायचं. तेही हातकामच. पण पेझारोच्या कारागिराचं नाव पाइपावर कोरलं जातं आणि या बाईची मजुरी हजारी मोजतात. दोघांच्या हातातून शेवटी धूरच निघतो, तरी एकाची वस्तू कपाटात जाते आणि दुसरीचं आयुष्य.

सध्या पाइप आमच्या शोकेसमध्ये आहे, आदर्श शिक्षक पुरस्काराच्या ढालीशेजारी. तो रिकामा आहे आणि तसाच राहील. सुतार मात्र अधूनमधून येतात, काच सरकवतात, त्या खोटीवरून अंगठा फिरवतात आणि चहा घेऊन जातात. मागच्या वेळी येताना त्यांनी खिशातून टेप आणली होती. वाटीच्या तोंडावर आडवी धरली, चष्म्यातून वाचली आणि बाहेर बाकड्याला ओरडून सांगितलं. गावाने मला पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं सहा महिन्यांनी मिळालं.

पाऊण इंची. घरातल्या नळाला चालतो तेवढा.